नव्वद मिलिलिटर

दोनशे मीटरच्या फायनलमध्ये मी तिसरी आले. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी समोर आली. नाव विचारलं, फॉर्मवर सही घेतली आणि म्हणाली, "तुमची डोप टेस्ट आहे. आता मी तुमच्याबरोबरच राहणार." बालेवाडीत दुपारचे साडेतीन वाजले होते आणि माझं सोलापूरचं तिकीट सहाच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं होतं.

बरोबर म्हणजे अगदी सावलीसारखी. कूलडाउनला कडेकडेनं चालली, पदक घेताना पोडियमपाशी थांबली. मी पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली तर हसून नको म्हणाली.

खोलीत सीलबंद पाण्याच्या बाटल्या होत्या. बाटली आपणच उचलायची, सील आपणच फोडायचं. मी लागोपाठ तीन संपवल्या. तरी तपासणीपुरती लघवी होईना. त्याला कारण आहे. सोलापुरात आम्ही ज्या मैदानावर पळतो, तिथल्या बाथरूमला कडीच नाही. त्यामुळं आम्ही पोरी घरूनच जाऊन येतो आणि मैदानावर पाणी बेतानं पितो. इतकी वर्षं रोखून धरायची सवय, आणि इथं एक अनोळखी बाई समोर उभी राहून बघणार. टीशर्ट वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नमुना बदलला जाऊ नये म्हणून हे करतात, हे आमच्या कोच सरांनी आधी सांगितलं होतं. ऐकणं वेगळं आणि तिथं उभं राहणं वेगळं.

पहिल्यांदा सत्तर मिलिलिटर झालं. किमान नव्वद लागतं. ते तात्पुरतं सील करून ठेवलं. पुन्हा पाणी, पुन्हा वाट. सव्वापाचला मिळून पुरेसं झालं, तर अधिकारी मॅडमनी थेंबभर यंत्रावर ठेवला आणि मान हलवली. नमुना फार पातळ. घनता १.००५ तरी हवी, माझी १.००३ भरली. एवढं पाणी ढोसल्याचा परिणाम. "आता पिऊ नका, नुसतं बसा," म्हणाल्या. हुतात्मा तिथंच गेली.

त्या बसण्यातच फॉर्ममधला एक रकाना छातीवर येऊन बसला. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं. चार दिवसांपूर्वी सर्दी झाली होती, सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या दुकानातून दोन गोळ्या आणल्या होत्या. नाव आठवेना. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचं शंभर मीटरमधलं ९.७९ सेकंदांचं सुवर्णपदक स्टॅनोझोलॉलपायी गेलं आणि कार्ल लुईसला मिळालं, हे आम्हा स्प्रिंटरांना पाठ असतं. पण ते स्टेरॉइड होतं. मला भीती सर्दीच्या गोळीची. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, दुकानदार नाही.

सरांनी बाबांना फोन लावला. बाबा लूमवरून घरी गेले, आज्जीनं खिडकीतल्या डब्यातून पाकीट काढलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, फिनाइलेफ्रिन. सरांनी सुस्कारा सोडला. फिनाइलेफ्रिन चालतं. त्याच्या जागी सूडोएफेड्रिन हे उत्तेजक असतं तर लघवीतलं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावर मी अडकले असते. कानाला नावं सारखीच वाटतात. आज्जीचा काढाही मी लिहून टाकला, आलं-तुळशी-गवती चहासकट.

सातच्या सुमाराला तिसरा नमुना जमला. समोरच्या किटांमधून एक मीच निवडलं, बाटल्यांवरचे आणि झाकणांवरचे नंबर जुळवले. आधी 'बी' बाटलीत तीस, मग 'ए'मध्ये साठ, ओतायचंही मीच. झाकण फिरवताना कट्कट् आवाज येतो, मग ते हातानं उघडत नाही. प्रयोगशाळेकडं जाणाऱ्या प्रतीवर माझं नाव नव्हतं, फक्त नंबर.

स्वारगेटवरून एसटी धरली, पहाटे घरी पोचले. बाबांनी पदक बघितलं आणि फॉर्मची माझी प्रत रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवली. ती अजून तिथंच आहे. नंतर कसलंच पत्र आलं नाही.

आता औषध घेण्याआधी मी मोबाईलवर त्यातले घटक तपासते. परवा शिंका आल्या तर आज्जी पातेलं गॅसवर ठेवता ठेवता म्हणाली, "काय बघलालीस त्यात? आलं चालतं का इचार त्याला."