तुम्ही विचारलंत म्हणून: ही माणसं तुमची कोण?

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस भिंतीवरचे फोटो बघतो, कपाटातले अल्बम चाळतो आणि हमखास विचारतो, "यातली तुमच्या घरची कोणती?" फार थोडी, असं मी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग ही बाकीची माणसं तुमची कोण? एवढी कशासाठी सांभाळता?" नातेवाईक विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, शाळकरी मुलं तर फार मनापासून विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहायला बसले.

आधी हे फोटो येतात कुठून ते सांगते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथाऱ्या लागतात. एखादा वाडा पाडायला निघाला, माळ्यावरच्या ट्रंका उपसल्या, की पितळ एकीकडे जातं, लाकूड दुसरीकडे आणि कागदपत्रं रद्दीत. फोटो बाजारात येतात ते बहुतेक वेळा फ्रेमच्या सोबतीने. सागवानी चौकटीला भाव येतो, जुन्या काचेलाही येतो. आतल्या माणसांना येत नाही. गिऱ्हाईक चौकट घेऊन जातं आणि फोटो पथारीवरच राहतो. तो मी मागून घेते. याशिवाय संग्रहालयांनी खुल्या केलेल्या फोटोंच्या प्रती, जुन्या मासिकांची पानं, शाळा-कचेऱ्यांचे ग्रुप फोटो असं सगळं माझ्याकडे एकत्र नांदतं. प्रसिद्ध माणसं आणि निनावी माणसं शेजारी शेजारी. मला ते तसंच हवं आहे.

त्यातला एक जवळून दाखवते. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, वीतभर उंचीचा, सोनेरी कडेचा फोटो. पाठीमागे रंगवलेला पडदा, त्यावर विलायती जिना आणि फुलांची कुंडी. मध्ये खुर्चीवर पगडी घातलेले गृहस्थ, गुडघ्यावर आडवी धरलेली काठी. शेजारी नऊवारीतली बाई, पावलं खुर्चीखाली ओढून घेतलेली. तिच्या कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसतं. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. निळं ते पांढरं पडायचं आणि लाल ते काळं. तेवढ्या जुन्या फोटोंत आकाश कोरं असतं तेही त्यामुळेच. आता डाव्या कडेला बघा. डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी बाई उभी आहे. कपाळ मोकळं, अंगावर एकही दागिना नाही आणि लुगडं काळंकुट्ट. ते बहुधा लाल आलवण असावं. म्हणजे घरातली विधवा आजी, नाहीतर आत्या. फोटोला तिला बोलावलं, पण खुर्ची दिली नाही. पुढे उभ्या असलेल्या मुलाचा डावा हात धूसर झाला आहे, नेमका त्या क्षणी हलला म्हणून.

पुठ्ठा उलटा केला की मागे स्टुडिओचं नाव, पत्ता आणि निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील असं छापील आश्वासन. माणसांचं मात्र एकही नाव नाही. माझ्याकडच्या बहुतेक घरगुती फोटोंची हीच गत आहे आणि त्याचं कारण मला फार चटका लावतं. ज्या दिवशी फोटो घरी आला त्या दिवशी यातलं कोण कोण हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग लिहायचं कशाला? पुढच्या पिढीला अर्धी नावं माहीत होती, तिच्या पुढच्या पिढीला फक्त "आजोबांचे कोणीतरी". त्यानंतर फ्रेम विकली गेली.

पण काही नावं अशी विसरून गेलेली नाहीत. ती मुळात विचारलीच गेली नव्हती. १८५७ नंतर इंग्रज सरकारला आपली रयत कोण कोण आहे हे डोळ्यांखालून घालायचं होतं. त्यातून 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघाले. चारशेहून अधिक फोटो आणि बहुतेकांखाली जात, जमात, धर्म, ठिकाण. समोर बसलेल्या माणसाचं स्वतःचं नाव क्वचितच. त्याआधी मुंबईत विल्यम जॉन्सन याने तिथल्या जातीजमातींवर दोन खंड काढले होते, १८६३ आणि १८६६ मध्ये. दुसरा खंड आपल्या महाराष्ट्राचा. त्यातल्या फोटोंत माणसांच्या आकृती कापून दुसरीकडे टिपलेल्या दृश्यांवर चिकटवल्या आहेत. म्हणजे नाव तर नाहीच, पण ज्या जागी तो माणूस उभा दिसतो तिथेही तो कधी उभा नव्हता. हे चेहरे भिंगाखाली धरले की मला राग येतो. एकेकाच्या डोळ्यांत इतकी ओळख आहे, की हाक मारावीशी वाटते, आणि हाक मारायला खाली फक्त जात लिहिलेली.

तेव्हा कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात होता असंही नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. यांच्याविषयी मराठीत आणखी कितीतरी लिहिलं जायला हवं.

प्लेगचे फोटो मी भिंतीवर लावत नाही, पण तेही जपते. १८९६-९७ च्या मुंबईतल्या एका फोटोत घराच्या दाराशेजारी भिंतीवर वर्तुळं काढलेली दिसतात. एक वर्तुळ म्हणजे प्लेगने गेलेला एक माणूस. त्याच साथीत, मार्च १८९७ मध्ये, पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्यांचं नाव आपण घेतो. त्या वर्तुळांची नावं कोण घेणार?

आता ज्या फोटोपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबते तो सांगते. तारीख १० ऑक्टोबर १८८५, गाव फिलाडेल्फिया, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात. डावीकडे आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनोतली जपानची केई ओकामी, उजवीकडे दमास्कसची तबात इस्लामबूली. 'द पीपल ऑफ इंडिया'चा शेवटचा खंड निघून तेव्हा दहा वर्षं झाली होती. पोशाखांचं अप्रूप म्हणून हाही फोटो काढला गेला असेल, पण इथे तिघींची नावं छापली आहेत, गावासकट आणि देशासकट. आनंदीबाईंच्या नावापुढे कल्याण किंवा पुणे नाही, बंगालमधलं सेरामपूर आहे, तेही चुकलेल्या अक्षरांत. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीत तिथे होते, आणि आपण अमेरिकेला का निघालो हे आनंदीबाईंनी १८८३ मध्ये तिथल्याच कॉलेजात भर सभेत सांगितलं होतं.

या फोटोत त्या फक्त वीस वर्षांच्या आहेत. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, ते दुःख पोटात घेऊन इथवर आलेल्या. पुढच्या मार्चमध्ये, ११ तारखेला, त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही ठरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्या पुण्यात गेल्या. बावीसही पुरी झाली नव्हती. अस्थी अमेरिकेत, ज्यांच्या घरी त्या राहिल्या होत्या त्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी गावी त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. ओकामीने १८८९ मध्ये पदवी घेतली, इस्लामबूलीने १८९० मध्ये. आनंदीबाईंचं चरित्र आपल्याला पाठ असतं, पण शेजारच्या दोघींकडे आपण बघतही नाही. खाली नावं छापली होती म्हणून तरी त्या शोधता येतात. नाहीतर "आनंदीबाई आणि दोन परदेशी बायका" एवढंच उरलं असतं.

ग्रुप फोटोंत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. शाळा, बँक, कचेरी कुठलीही असो. पुठ्ठ्यावर छापलेलं असतं, "बसलेले, डावीकडून", मग "उभे, डावीकडून". साहेबांच्या नावापुढे पदव्या असतात. शेवटच्या ओळीत अगदी टोकाला डगला आणि टोपी घातलेला माणूस उभा असतो आणि त्याच्यापुढे "शिपाई" इतकंच. माझ्याकडे एका शाळेचा असा फोटो आहे. तिथे शिकलेले एक वयस्कर गृहस्थ तो बघता बघता थांबले आणि त्या शिपायाचं नाव, गाव, घंटा देण्याची त्याची पद्धत, सगळं सांगत गेले. मुख्याध्यापक कोणते ते मात्र त्यांना आठवेना. ते नाव आता फोटोच्या मागे लिहिलेलं आहे.

याच्या अगदी उलट फोटो राजगृहाचा. दादरच्या हिंदू कॉलनीतलं बाबासाहेबांचं घर, फेब्रुवारी १९३४. डावीकडून मुलगा यशवंत, स्वतः बाबासाहेब, रमाबाई, थोरल्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि लाडका कुत्रा टॉबी. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाबाई गेल्या. किती घरांतून हा फोटो लागलेला आहे! आणि ज्या ज्या घरी मी विचारलं, तिथे कुणी ना कुणी डावीकडून सगळी नावं सांगितली, टॉबीसकट. ज्या समाजाला शतकानुशतकं केवळ जातीने हाक मारली गेली, त्याने या एका फोटोतलं एकही नाव गळू दिलेलं नाही. फोटो सांभाळणं म्हणजे काय हे मी तिथे शिकले.

आणि ज्यांनी फोटो काढले ती माणसं? मुंबईच्या नारायण विनायक विरकरांचे लोकमान्यांचे फोटो आपल्या नजरेत बसलेले आहेत. तेच विरकर १९१९ मध्ये अमृतसरला गेले आणि जालियनवाला बागेतल्या भिंती त्यांनी टिपल्या. भिंतीजवळ माणसं उभी आहेत आणि गोळ्यांच्या खुणांवर बोट ठेवून दाखवताहेत. साक्ष अशी असते. विरकरांचं नाव मात्र बहुतेक वेळा फोटोखाली छापलेलं नसतं.

होमाई व्यारावाला यांचं तर नाव होतं, तरी छापलं गेलं नाही. १९१३ मध्ये नवसारीला जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार बाई. सुरुवातीचे त्यांचे कितीतरी फोटो नवऱ्याच्या, माणेकशा यांच्या नावाने छापून आले. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, जाण्याच्या आदल्या वर्षी. मुंबईतल्या त्यांच्या जुन्या फोटोंत जे.जे.तल्या मैत्रिणी आहेत, नोकरी-शिक्षणासाठी घराबाहेर पडलेल्या तरुण मुली. स्वातंत्र्याच्या सोहळ्याच्या फोटोंइतकेच ते मला मोलाचे वाटतात.

जागांचंही तेच. चरख्यामागे बसून वाचत असलेले गांधीजी, हा मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकी छायाचित्रकार बाईने 'लाइफ' या तिकडच्या साप्ताहिकासाठी काढलेला फोटो जगभर ठाऊक आहे. तो १९४६ चा आणि आपल्या पुण्यातला, ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रातला. आधी सूत कातायला शिका, मग फोटो काढा, असं तिला सांगितलं गेलं. गांधीजींचा मौनाचा दिवस होता आणि फ्लॅशबल्ब फक्त तीन वापरायची परवानगी मिळाली. ती वास्तू आजही आहे, बापू भवन म्हणून. स्टेशनकडे जाता-येता शेकडो लोक तिच्यासमोरून जातात आणि तो फोटो साबरमतीचा किंवा सेवाग्रामचा समजतात.

तर ही माणसं माझी कोण? रक्ताची कोणी नाहीत. कुणाची तरी नक्की आहेत, आणि ते कुणीतरी भेटेपर्यंत माझ्याकडे आहेत. शोधत आलेल्या माणसाला मी मूळ फोटो देते आणि प्रत ठेवून घेते.

आणि तुमच्या घरच्या फोटोंसाठी, अजून नावं सांगणारं कोणी असेल तर याच आठवड्यात बसा. जुन्या पुठ्ठ्याच्या किंवा कागदाच्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून लिहा. बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई झिरपते. अलीकडच्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही. त्यांची नावं पाकिटावर लिहा. फोटो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले असतील तर ओढून काढण्याआधी मोबाइलवर प्रत घ्या. पूर्ण नाव, बायकांचं माहेरचं नावसुद्धा, गाव, वर्ष नक्की नसेल तर "अंदाजे", आणि ही माहिती कोणी, कधी सांगितली तेही लिहा. सुरुवात कडेला उभ्या असलेल्या माणसापासून करा. मधल्या खुर्चीवर कोण बसलंय ते घरात दुसरंही कोणीतरी सांगू शकेल.