माकडाच्या मेंदूतला चेहरेवाला कोपरा

डोळे फोटो काढतात आणि मेंदू तो बघतो असं आपण धरून चालतो, पण मेंदूत मागच्या बाजूला जो व्ही१ नावाचा भाग आहे तिथल्या पेशींना साधारण उभ्या-आडव्या-तिरक्या रेघाच कळतात, चेहरा बिहरा काही नाही. माहिती पुढे सरकत सरकत कानाजवळच्या आयटी (इन्फेरोटेम्पोरल) कॉर्टेक्स नावाच्या भागात पोचते आणि खरी मजा तिथेय.

१९७२ च्या शोधनिबंधातला किस्सा भारीये. मेंदूवर संशोधन करणारे चार्ल्स ग्रॉस आणि मंडळी मकाक माकडाच्या आयटीतल्या एका पेशीला काय काय दाखवत होते, पेशी ढिम्म! शेवटी वैतागून पडद्यासमोर नुसता हात हलवला तर ती तडतडायला (म्हणजे भराभर सिग्नल द्यायला) लागली, मग पठ्ठ्यांनी पुढचे १२ तास कागदाचे आकार कापून कापून तिला दाखवले. सगळ्यात जास्त आवडला तो माकडाच्या पंजासारखा आकार.

२००६ मध्ये डोरिस त्साओ ह्या संशोधिकेच्या टीमने आधी एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारा स्कॅन) करून माकडाच्या मेंदूतला चेहऱ्याचा ठिपका, म्हणजे चेहरा बघून जागा होणारा छोटा भाग, शोधला आणि थेट तिथेच इलेक्ट्रोड (पेशींचे सिग्नल टिपणारी बारीक तार) घातला, तर तिथल्या ९७ टक्के पेशी चेहऱ्यावाल्याच निघाल्या. २०१७ ला तर साधारण २०० पेशींच्या सिग्नलवरून माकड बघत असलेला चेहरा कॉम्प्युटरवर परत बनवला. म्हणजे एका माणसाला एक पेशी असली भानगड तिथे नाहीच, प्रत्येक पेशी चेहऱ्याचं एखादं माप धरून बसलेली, आणि सगळ्यांची मापं मिळून माणूस. बाकी ह्या हुशार पेशी घड्याळ नि सफरचंद बघूनही थोड्या हलतात, गोल दिसलं की झालं :)