बी.एस्सी. नर्सिंगची तयारी: सीईटी राहू दे, व्हॅलिडिटी टाकली का?

बी.एस्सी. नर्सिंगला जायचं ठरलं की ओळखीतले सगळे एकच विचारतात, ‘सीईटीला क्लास कुठला लावला?’ व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राचा, अर्ज टाकला का, हे मला एकानेही विचारलं नाही. मी ओबीसीतून अर्ज केला होता, आणि परीक्षा हाच यातला सगळ्यात सरळ भाग निघाला. म्हणून तो आधी उरकते.

राज्याच्या सीईटी सेलची ही प्रवेश परीक्षा संगणकावर होते. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. फिजिक्सची आकडेमोड शेवटाला ठेवायची. इंग्रजी आणि ॲप्टिट्यूडचे मिळून ४० गुण होतात आणि बारावीच्या गडबडीत त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. रोज अर्धा तास त्या दोघांना दिला तरी फरक पडतो. अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका, प्रश्न दोन्ही वर्षांवर येतात.

पात्रता एका दमात सांगते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हे चारही विषय हवेत. यातल्या पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. मार्कशीटवरची एकूण टक्केवारी इथे बघत नाहीत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण पाहिजे. लहानपणी एक वर्ष आधी शाळेत घातलेल्यांनी ही तारीख नीट मोजावी. बायोलॉजी सोडून नुसतं गणित घेतलं असेल तर बी.एस्सी.चा रस्ता बंद. मग जी.एन.एम. हा नर्सिंगचा डिप्लोमा उरतो, तीन वर्षांचा. त्याला कुठलीही शाखा चालते, पण इंग्रजी आणि ४० टक्के लागतात.

आता दुखण्याकडे येते. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपली ‘व्हॅलिडिटी’, वेगळी. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तो खरा आहे का, हे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती तपासते आणि मग वैधता देते. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसत्या दाखल्याने भागत नाही. वैधता नसेल तर तुम्ही खुल्या प्रवर्गात गणल्या जाता. गुणवत्ता यादीतली जागा घसरते ती घसरते, वर फीही खुल्या प्रवर्गाची लागते. काही वर्षी शासनाने अर्जाच्या पोचपावतीवर प्रवेश दिले आणि वैधता जमा करायला नंतर मुदत दिली, हे खरं. पण ती मुदत ऐन वेळी जाहीर होते. तिच्या भरवशावर राहणाऱ्याने त्या वर्षीची माहिती पुस्तिका पाठ करूनच राहावं.

अर्ज अकरावीत टाकायचा. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत घेतले जातात, त्यासाठी प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं १५-अ नमुन्यातलं पत्र लागतं. कॉलेजचा क्लार्क ‘बारावीत बघू’ म्हणतो. ऐकू नका. बारावीत सगळा जिल्हा एकदम बघतो, आणि समितीच्या टेबलावर फायलींचा डोंगर साचतो. बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या) पोर्टलवर अर्ज भरायचा, त्याची प्रिंट काढायची, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये आणि पुराव्यांच्या खरेपणाचं नमुना १७ मध्ये करायचं. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत आणि त्यांची तपासणीही वेगळी, त्यामुळे पुढचं त्यांना जसंच्या तसं लागू नाही.

समितीला नेमकं काय हवं असतं ते समजलं की निम्मा त्रास कमी होतो, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. तुमची आजची जात तिला महत्त्वाची नाही. ठरलेल्या तारखेआधी तुमच्या वडिलांकडच्या घराण्यात कुणाची, कुठल्या सरकारी कागदावर, कोणती जात लिहिली होती, ते तिला हवं असतं. ओबीसी आणि एसबीसी, म्हणजे विशेष मागास प्रवर्गासाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. म्हणजे ओबीसी मुलीला बहुतेक वेळा आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा कागद शोधावा लागतो. आईकडचा कितीही जुना कागद असला तरी इथे त्याची किंमत शून्य. सोबत त्या तारखेला घराणं महाराष्ट्रातच राहत होतं, हेही पुराव्यातून दिसलं पाहिजे.

पहिलं ठिकाण शाळा. मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मागायचा. नोंदीचा क्रमांक, पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख, खाली सही आणि गोल शिक्का, यातलं एक जरी नसलं तरी उतारा परत येतो. जिल्हा परिषदेची शाळा असेल आणि ती नंतर सुरू झालेली असेल, तर जुनी रजिस्टरं शेजारच्या मूळ शाळेत किंवा केंद्रशाळेत सापडतात. रजिस्टर समोर आलं की मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढायची परवानगी मागा आणि उतारा त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. उतारा लिहिणारे गुरुजी कधी कधी ‘सुधारून’ लिहितात. रजिस्टरात ‘गणू’ असेल आणि उताऱ्यात ‘गणपत’, तर समिती मूळ रजिस्टर मागवते आणि फाईल तिथेच बसते.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलचा अभिलेख कक्ष. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जात लिहिलेली असते. नक्कल अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी स्टँप लावायचा, गावाचं नाव आणि साल अंदाजाने तरी द्यायचं. सालच दिलं नाही तर ‘आढळून आले नाही’ असा शेरा मारून अर्ज परत येतो, आणि खरंच आढळलं नाही की कुणी वहीच उघडली नाही, ते कळायला मार्ग नसतो. नोंद मोडीत असेल तर जाणकार मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. ते लिप्यंतर साध्या कागदावर न घेता त्याच्या सही-शिक्क्यानिशी घ्या.

आता आमची फाईल जिथे रुतली ती जागा. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात ‘हिंदू शिंपी’ स्वच्छ लिहिलेलं, साल १९६७ च्या बरंच आधीचं. याहून चांगला पुरावा काय असतो? पण नावाच्या रकान्यात आडनावाच्या जागीही ‘शिंपी’च. त्या काळी गुरुजी बलुतेदाराच्या पोराचं आडनाव विचारायच्या भानगडीत पडत नसत, धंदा हेच आडनाव. वडिलांच्या दाखल्यावर मात्र आमचं आजचं आडनाव. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार, परीट, सगळ्यांच्या जुन्या नोंदींत हा प्रकार सर्रास आहे. तरी दरवेळी खिडकीवरचा माणूस असा चेहरा करतो की आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय.

खरा राग याचा आहे की त्रुटी एकदम सांगत नाहीत. आधी म्हणाले आडनावात तफावत. ती निस्तरली तर वंशावळीत आत्या नाहीत. आत्या घातल्या तर शपथपत्रावरची तारीख उताऱ्याच्या आधीची. हे तिन्ही पहिल्याच दिवशी फाईल उघडून दिसत होतं. त्यात समितीचे अध्यक्ष दुसऱ्या जिल्ह्याचाही कार्यभार सांभाळणारे, त्यामुळे बैठक होईल तेव्हा होईल. म्हणून फाईल देण्याआधीच या तीन गोष्टी बघून घ्या.

आडनावाचा फरक नुसत्या शपथपत्राने सुटत नाही. ‘अमुक उर्फ तमुक एकच व्यक्ती’ असं लिहून देणं लागतंच, पण त्याला टेकू म्हणून दोन्ही नावं जोडणारा सरकारी कागद हवा. सगळ्यात कामाचा निघतो वारसाचा फेरफार. पणजोबा वारल्यावर त्यांच्या घराला किंवा जमिनीला वारस लागले, तेव्हाच्या फेरफारात बाप-मुलांची नावं एका ओळीत येतात आणि पुष्कळदा तिथेच दोन्ही आडनावं असतात. जमीन नसेल तर ग्रामपंचायतीचा घराचा जुना उतारा बघा. आजोबांच्या सख्ख्या भावाची शाळेतली नोंद मिळाली आणि त्याच्यापुढे आजचं आडनाव असेल तर उत्तमच. दोघांच्या बापाचं नाव एक, गाव एक, मग समितीला बोलायला जागा राहत नाही.

वंशावळ पणजोबांपासून सुरू करा. सगळे भाऊ, सगळ्या बहिणी, लग्न होऊन गेलेल्या आत्या, लहानपणी वारलेलेही त्यात आले पाहिजेत. ज्याचा पुरावा जोडला तो माणूस वंशावळीत दिसलाच पाहिजे, आणि पुराव्यात जसं नाव आहे तसंच. दोन नावं असतील तर वंशावळीतही ‘उर्फ’ घाला. आधी सगळे उतारे हातात घ्यायचे, मग वंशावळ लिहायची, आणि शपथपत्र सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर तारखांचा घोळ होतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका, चुलतभाऊ, आत्या, यांपैकी कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर ती जोडा. त्याने काम खूपच हलकं होतं. खरं तर हे सगळ्यात आधी विचारायला हवं. नातेवाइकांत रुसवेफुगवे असतील तर एवढ्यापुरते मिटवा.

शपथपत्रासाठी स्टँपपेपरचे पैसे मागतील. सरकारी कार्यालयात दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. टायपिंगचे द्यावे लागतील तेवढे द्या.

आणि हे तर विसरलेच होते: नेट कॅफेवाला पोर्टलवर स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो, कारण त्याला ओटीपीची घाई असते. मग त्रुटीचा मेसेज त्याला जातो, तो बघत नाही आणि घरी वाटतं काम सुरू आहे. समोर बसून आपलाच नंबर टाकायला लावा आणि आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती पाहा. समितीकडे काहीही द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. तोंडी त्रुटी सांगितली तर नम्रपणे म्हणायचं, ‘साहेब, सगळ्या त्रुटी एकदाच लेखी द्या.’ पुष्कळदा लेखी मिळत नाही, पण पुढची त्रुटी काढताना हात थोडा आखडतो.

वैधता आली तेव्हा सीईटीच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बाकीची कागदपत्रं त्यापुढे किरकोळ. नॉन क्रिमीलेअरची, म्हणजे उन्नत गटात नसल्याच्या प्रमाणपत्राची, मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात, त्यामुळे आदल्या मार्चमध्ये संपलेलं प्रमाणपत्र काढून आणलं तर उपयोग नाही, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. एससी, एसटीला ते लागत नाही. खुल्या प्रवर्गातल्यांनी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र) काढताना राज्याच्या नमुन्यातलं मागा, केंद्राचा नमुना वेगळा आहे. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला सेतू केंद्रातून मिळतो. पोचपावतीवर तो कधीपर्यंत द्यायचा ती तारीख छापलेली असते, ती उलटली की लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. ‘अपील करू का?’ एवढं विचारलं तरी दाखला हलतो. वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र माहिती पुस्तिकेतल्या नमुन्यातच हवं, डॉक्टरांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून आणलेलं नाकारतात. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र.

मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं. त्याआधी प्रत्येकाचं रंगीत स्कॅन आणि झेरॉक्सचे चार-पाच संच करा. शाळा सोडल्याचा दाखला तर नक्कीच, शिष्यवृत्तीच्या वेळी तो पुन्हा लागतो.

पसंतीक्रम भरताना कॉलेजचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे का, एवढं तपासा. मग जाऊन हॉस्पिटल बघा. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. फलक लावलेला असतो, पण वॉर्डात पेशंट आहेत का ते सकाळी दहा-अकराला चक्कर मारली की दिसतं. रिकाम्या खाटांवर इंजेक्शन द्यायला शिकता येत नाही.

मुलींसाठी फीचं एक महत्त्वाचं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. कॅपच्या आधी एखाद्या कॉलेजचा माणूस फोन करून ‘जागा भरत आल्यात, आत्ताच बुक करा’ म्हणाला तर हे लक्षात ठेवा. वसतिगृह आणि मेस माफीत येत नाही, त्याचा आकडा प्रवेशाआधीच लेखी मागून घ्या.