फाईन की मीडियम?

आज नवीन शाईपेन घेतलं. रंग लगेच ठरला, निबवर मात्र दुकानदाराचा बराच वेळ खाल्ला. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची मीडियम निब साधारण युरोपियन फाईनच्या जवळ जाते, त्यामुळे निबेवरचं नुसतं एफ (फाईन, म्हणजे बारीक) किंवा एम (मीडियम, म्हणजे मध्यम) वाचून भागत नाही. त्यात आपली देवनागरी! माझं अक्षर बारीक. जाड निबेने 'क्ष', 'ज्ञ' लिहिले की पोटं शाईने भरून जातात, अनुस्वार टपोरा होतो. शिवाय साध्या वहीचा कागद शाई पसरवतो, तो वेगळाच. शेवटी जपानी फाईन घेतली. कागदाला जराशी खरखरते, पण जोडाक्षरं काय सुटसुटीत येतात! ब्रॉडचा, म्हणजे जाड निबेचा, मोह आहेच. फक्त सहीसाठी, असं म्हणतोय सध्या.