सायडिरिअल

दुर्बिणीच्या रिमोटवर ट्रॅकिंगचे, म्हणजे आकाशातल्या वस्तूमागे दुर्बीण फिरवत ठेवण्याच्या वेगाचे, तीन पर्याय असतात: सायडिरिअल, लुनर, सोलर. शेवटचे दोन कुणालाही कळतात. पहिल्याचं हमखास ‘साइड-रिअल’ होतं. जोर ‘डी’वर द्यायचा: साय-डी-रिअल.

लॅटिनमध्ये सिडुस म्हणजे तारा किंवा तारकापुंज. षष्ठीत त्याचं सिडेरिस होतं, तिथून हा ‘र’ आला. गॅलिलिओच्या 1610च्या पुस्तिकेच्या नावातलं ‘सिडेरिउस’ तेच. आपण दिवसातून दहादा वापरतो त्या ‘कन्सिडर’मध्येही सिडुस दडलाय, असं व्युत्पत्तीवाले मानतात. तारे बघून ठरवायचं. थोडक्यात, मुहूर्त काढायचा! सिडेराइट खनिजाशी मात्र याची गल्लत नको, ते ग्रीक लोखंडातून आलेलं.

ताऱ्यांवरूनच आलेल्या ‘स्टेलर’ची गोष्ट निराळी. ते बायोडेटात आणि सिनेमाच्या परीक्षणांत शिरलं आणि पार झिजून गेलं. ‘सायडिरिअल परफॉर्मन्स’ कुणी म्हणत नाही, हे त्या शब्दाचं नशीब. ताऱ्यांच्या हिशेबानं मोजलेला काळ, एवढंच त्याचं काम. आपला ‘नाक्षत्र’ तोच.

नाक्षत्र दिवस 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांचा. पृथ्वीची स्वतःभोवती एक गिरकी होईस्तोवर ती सूर्याभोवतीही जवळपास एक अंश पुढे गेलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा मध्यान्हीला यायला आणखी चार मिनिटं फिरावं लागतं. तारे बिचारे थांबत नाहीत. रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. रिमोट सोलरवर राहिला तर तारा मिनिटाला अडीच विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतो आणि दहा मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ठिपक्याची रेघ होते. सायडिरिअलवर ठेवून चंद्र बघा, तो तासाभरात स्वतःच्या रुंदीइतका पूर्वेला निसटतो.

वर्षाचंही तेच. नाक्षत्र वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठं. आपली बहुतेक पंचांगं निरयन, म्हणजे सायडिरिअलच. म्हणून संक्रांत 14 जानेवारीवरून 15कडे सरकते आहे, साधारण 72 वर्षांत एक दिवस या चालीनं. मृगही सरकतोय. पाऊस मात्र सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाशी बांधलेला, त्याला नक्षत्राशी देणंघेणं नाही. सध्या 7-8 जूनला लागणारा मृग दोन हजार वर्षांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल. तेव्हाच्या पेरण्यांचं तेव्हाचे लोक बघतील.