तीन कोटेशने आणि एक खड्डा

नागपुरात मी स्थापत्य अभियंता म्हणून घरांच्या बांधकामाचा आणि दुरुस्तीचा सल्ला देते. एप्रिल महिन्यात एका जुन्या ले-आउटमधील निवृत्त शिक्षकांनी मला बोलावले, ते फाटकापासून पोर्चपर्यंतचा रस्ता नव्याने करून घेण्यासाठी. काम सुमारे ९०० चौरस फुटांचे होते. आधी बसवलेले पेव्हर ब्लॉक गाडीच्या चाकांखाली दोन पट्ट्यांत खचले होते, पावसाळ्यात त्या पट्ट्यांत पाणी साचून राहत होते आणि त्यात पाय मुरगळल्यापासून काकू अंधारात फाटकापर्यंत जायचे टाळत होत्या. काकांनी तीन ठेकेदारांकडून कोटेशने मागवली होती. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रकमेत जवळजवळ दुपटीचा फरक होता. त्यांनी तिन्ही कागद माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "मॅडम, यातला कोणता घ्यावा?"

कागद वाचल्यावर लक्षात आले की त्यांची तुलना करणेच शक्य नव्हते. पहिल्या ठेकेदाराने एका ओळीत "८० एमएम पेव्हर ब्लॉक, मुरूम भराईसह" असे लिहून चौरस फुटाचा दर दिला होता. मुरूम किती इंच, हे कुठेच नव्हते. दुसऱ्या, वयस्क ठेकेदाराने जुने ब्लॉक न काढता त्यांच्यावरच चार इंच काँक्रीट टाकण्याचा भाव वहीच्या पानावर लिहून दिला होता, आणि तोच सर्वांत कमी होता. तिसरे कोटेशन छापील लेटरहेडवर होते. त्यात १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवला होता, चकचकीत रंगीत ब्लॉकचे फोटो होते आणि दहा वर्षांची गॅरंटी होती. मात्र ती कशाची, याचा उल्लेख नव्हता. तीन माणसांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिलेले असताना त्यातला कमी आकडा निवडणे म्हणजे निवड नव्हे, असे मी काकांना स्पष्ट सांगितले आणि तिघांनाही एकाच सकाळी, एकाच वेळी बोलावण्याची विनंती केली. आदल्या संध्याकाळी माझ्या माणसाने सब्बलीने सर्वांत खचलेल्या जागेचे ब्लॉक उचलून तिथे दोन फूट खोल खड्डा करून ठेवला.

त्या खड्ड्याची बाजू म्हणजे जुन्या कामाचा उघडा हिशेबच होता. वर ६० मिलिमीटरचा ब्लॉक, त्याखाली दोन बोटे रेती, मग जेमतेम इंचभर मुरमाचा थर आणि त्याखाली थेट काळी माती. उन्हाळ्यामुळे त्या मातीला बोट शिरेल एवढ्या उभ्या भेगा पडल्या होत्या आणि वरची रेती त्या भेगांत उतरलेली दिसत होती. विदर्भातील ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. दर वर्षी होणाऱ्या या हालचालीवर कितीही चांगला ब्लॉक टिकत नाही. शिवाय गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप नेमका याच जागेजवळ जमिनीवर सोडलेला होता. कडेला काँक्रीटची पट्टी नसल्यामुळे ब्लॉक बाहेरच्या बाजूला सरकून सांधेही रुंदावले होते. इतके सगळे दिसत असताना "ब्लॉक खराब निघाले" एवढाच निष्कर्ष काढून नवे ब्लॉक आणणे म्हणजे तेच काम पुन्हा पैसे मोजून बिघडवणे झाले असते.

सकाळी तिघेही आले. लेटरहेडवाल्या कंपनीच्या प्रतिनिधीने खड्ड्याचे फोटो काढले आणि "आमची टीम बघून घेईल" असे सांगितले. ब्लॉकवाला ठेकेदार मात्र खड्ड्यात उतरला, मातीचे ढेकूळ हातात फोडून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं काढावं लागेल, आणि माझ्या रेटमध्ये ते नाही." भाव दिल्यानंतर घरमालकासमोर हे बोलणे सोपे नसते. काम सुरू झाल्यावर, अंगण खणून ठेवलेले असताना, तेच वाक्य वाढीव बिल म्हणून येते, हे मी अनेक घरी पाहिले आहे.

त्या सकाळची मला सर्वांत लक्षात राहिलेली गोष्ट मात्र वयस्क ठेकेदाराची. त्यांनी खड्ड्याकडे एकदाच पाहिले, मग पिशवीतून पाण्याची पारदर्शक नळी काढली, एक टोक माझ्या माणसाच्या हाती देऊन त्याला फाटकापाशी उभे केले आणि दुसरे टोक घेऊन स्वतः पोर्चच्या खांबाजवळ गेले. नळीतले पाणी स्थिर होईपर्यंत कोणी काही बोलले नाही. दोन्हीकडे पेन्सिलीच्या खुणा करून टेपने मोजल्यावर कळले की फाटकाजवळची पातळी पोर्चच्या पायथ्यापेक्षा तीन इंच वर होती. समोरचा सिमेंटचा रस्ता झाल्यापासून फाटकाबाहेरची उंची वाढली होती, त्याला जुळवून घेण्यासाठी नंतर कोणीतरी फाटकाच्या आत भर घातली होती आणि त्यामुळे बाहेरचे पाणीही घराच्या दिशेने येत होते. पोर्चची फरशी अंगणापासून फक्त पाच इंच वर होती. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि काकांकडे वळून म्हणाले, "सर, माझं कोटेशन वापस द्या. याच्यावर चार इंच टाकलं, तर पाणी पोर्चात येते." स्वतःच्या हाती आलेले काम स्वतःच्याच मोजणीने सोडणारा माणूस पाहून काका काही क्षण गप्पच राहिले. मलाही त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटला, आणि तो मी तिथेच बोलून दाखवला.

यानंतर प्रश्न भावाचा राहिलाच नाही; आधी काम ठरवायचे होते. पोर्चच्या पडवीत बसून मी एका कागदावर तपशील लिहिले आणि तिघांनाही त्याच्या प्रती दिल्या. जुने ब्लॉक काढून दीड फुटापर्यंत काळी माती खोदणे आणि ती आवाराबाहेर नेणे. दबाईनंतर नऊ इंच भरेल इतका मुरूम दोन थरांत, पाणी मारून आणि छोट्या रोलरने दाबून. त्यावर सहा इंच गिट्टीचा दाबलेला थर. मग ३० ते ४० मिलिमीटर चुरी, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, आणि त्यावर मशीनवर दाबून बनवलेले ८० मिलिमीटरचे ब्लॉक. गाडी एवढीच असती, तर ६० मिलिमीटरचे ब्लॉकही चालले असते; परंतु उन्हाळ्यात या घरी पाण्याचा टँकर आत येतो, म्हणून ८० मिलिमीटर. ब्लॉक भारतीय मानक १५६५८ प्रमाणे असावेत, त्यांचे पाणी शोषणे सरासरी सहा टक्क्यांहून अधिक नसावे आणि त्याचा चाचणी अहवाल माल उतरण्यापूर्वी मिळावा, असेही लिहिले. रबर मोल्डमधील चकचकीत ब्लॉक पाहायला सुंदर असतात, पण ओल्या चढावर पाय घसरतो, आणि या घरात दोन्ही माणसे सत्तरीच्या पुढची होती. मांडणी हेरिंगबोन पद्धतीची, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात नागमोडी लावलेले, कारण ब्रेक लागताना किंवा चाक वळताना ब्लॉक एकमेकांना धरून ठेवतात. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी.

उताराचा विचार सर्वांत जास्त वेळ घेऊन गेला. फाटक उंच असल्यामुळे पाणी लांबीच्या दिशेने बाहेर काढणे अशक्य होते. म्हणून १२ फूट रुंदीत बागेच्या बाजूला पन्नासास एक, म्हणजे सुमारे तीन इंच, असा आडवा उतार द्यायचा, त्या कडेने नाली करायची, फाटकाच्या रेषेत जाळीची आडवी नाली घालून रस्त्यावरचे पाणी तिथेच अडवायचे आणि दोन्हींचे पाणी मागच्या गल्लीतील पावसाळी नालीत सोडायचे असे ठरले. काळ्या मातीत शोषखड्डा फारसा उपयोगी पडत नाही. गच्चीचा पाइपही थेट याच नालीत जोडायचा होता. पुढे कधी केबल किंवा पाण्याची लाइन टाकावी लागली, तर रस्ता फोडावा लागू नये, यासाठी खालून दोन रिकामे पीव्हीसी पाइप आडवे टाकून ठेवायचे, हे काकूंना विशेष आवडले. काँक्रीटला माझा विरोध नाही. माती बदलली तर तोही रस्ता उत्तम होतो. परंतु मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना काँक्रीटला तडे जाऊ न देता पाणी पाजत राहणे दोन वृद्धांच्या अंगावर टाकावे, असे मला वाटले नाही.

संध्याकाळी नवे भाव आले. ब्लॉकवाल्याने प्रत्येक बाब वेगळी लिहिली होती आणि त्याची रक्कम साहजिकच वाढली होती. कंपनीने आकडा तोच ठेवला, पण मुरमाची जाडी लिहून द्यायला नकार दिला. हा नकार किती महागात पडू शकतो, हे काकांना दाखवण्यासाठी मी कागदावर हिशेब केला : ९०० चौरस फुटांवर नऊ इंच म्हणजे पावणेसात ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) दाबलेला मुरूम, तीन इंच म्हणजे सव्वादोन ब्रास. साडेचार ब्रासचा हा फरक ब्लॉक बसल्यावर कोणालाही दिसत नाही. गॅरंटीबद्दल विचारले तेव्हा ती ब्लॉकच्या रंगाची आणि मजबुतीची आहे, खचण्याची नाही, असे उत्तर मिळाले.

काकांचे मन वयस्क ठेकेदाराकडे ओढ घेत होते आणि ते मला समजत होते. परंतु त्यांच्याकडे रोलर नव्हता, ब्लॉक दाबण्याचे यंत्र नव्हते, आणि नऊ इंच मुरूम हाताच्या दुरमुसाने हवा तसा बसत नाही. मग निदान नालीचे काम तरी त्यांना वेगळे द्यावे, असे काकांनी सुचवले. मी तेही मान्य केले नाही. एका रस्त्यावर दोन करार झाले, की पाणी साचल्यावर ब्लॉकवाला नालीकडे आणि नालीवाला ब्लॉककडे बोट दाखवतो, आणि मध्ये घरमालक उभा राहतो. शेवटी ब्लॉकवाल्यानेच त्यांना आपल्या हाताखाली नालीच्या आणि पातळीच्या कामासाठी घेतले. जबाबदारी एकाचीच राहिली.

सही करण्यापूर्वी मी त्याच्याकडे किमान दोन पावसाळे पाहिलेल्या कामाचा पत्ता मागितला होता, फोटो नव्हे. ऊन कलल्यावर आम्ही तिथे गेलो. चाकांच्या पट्टीवर तीन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी टेकवली, तेव्हा खाली कुठेही बोट शिरत नव्हते. एका कोपऱ्यातले ब्लॉक थोडे वेगळ्या रंगाचे दिसले. घरमालकांनी सांगितले की नळाच्या लाइनसाठी तिथे खोदले गेले होते आणि फोन केल्यावर याच ठेकेदाराच्या पोरांनी ते परत बसवून दिले होते. माझ्या दृष्टीने ती छापील गॅरंटीपेक्षा भक्कम गोष्ट होती.

करारात आगाऊ रक्कम पाचवा हिस्सा, त्यानंतर मुरूम आणि गिट्टीचे थर मी मोजल्यावर एक हप्ता, ब्लॉक बसल्यावर दुसरा, आणि दहा टक्के रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून, असे ठरले. शेवटच्या अटीवर ठेकेदाराने थोडी घासाघीस केली, पण मान्य केले. मुरूम दाबून झाल्यावर भरलेला टँकर त्यावरून हळू नेला. फाटकाजवळ चाकाचा ठसा उमटला, तेवढा भाग उकरून पुन्हा दाबला गेला. काम मृग नक्षत्राच्या आधी पूर्ण झाले.

ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा पट्टी घेऊन गेले. कडुनिंबाजवळ एक छोटा भाग चार-पाच मिलिमीटर बसला होता. ठेकेदाराने ब्लॉक उचलले, चुरी भरली, ते परत बसवून सांध्यांत बारीक रेती झाडली, आणि त्याच दुपारी काकांनी उरलेल्या दहा टक्क्यांचा धनादेश लिहून दिला.