तक्त्यातला सुटलेला रकाना

"कऱ्हाडे आजींची ठेवपावती माझ्या हातात आहे मॅडम, आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय असं कुणी सभासदच नाही."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पतसंस्थेच्या काउंटरवरच्या ताईंचा हा फोन मी घेतला, तेव्हा तीच तक्रार चौथ्यांदा येत होती. आधीच्या तिन्ही वेळा आमच्या ऑफिसात कुणीतरी स्वतःच्या मशिनवर एक कऱ्हाडे नोंदवला, शोधला, तो लगेच सापडला, आणि 'आमच्याकडे दिसत नाही' असा शेरा मारून तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद केलं.

पतसंस्थेचं हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी अकरा वर्षं टेस्टिंग करते आणि हा शेरा मला कधीच पटलेला नाही. ज्या परिस्थितीत चूक घडते ती परिस्थिती आपल्याला उभी करता आली नाही, इतकंच त्यातून कळतं. इथे तर परिणाम डोळ्यांपुढे होता. नाव सापडलं नाही की काउंटरवरचा माणूस गर्दीच्या वेळी नवीन खातं उघडून मोकळा होतो. मग एकाच बाईची ठेव एका सभासद क्रमांकावर आणि कर्ज दुसऱ्यावर. ३१ मार्च जवळ आलेला, व्याजाची आकारणी व्हायची होती. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पावती जपून आणलेल्या आजींना काउंटरवरून सांगितलं जात होतं की तुम्ही आमच्याकडे नाहीच.

पहिले दोन दिवस मी नेहमीच्या रीतीने गेले. टेस्टिंग म्हणजे दिसेल ते बटण दाबत बसणं असं बाहेरून वाटतं, पण त्याला पद्धत असते. ज्येष्ठांचा जादा व्याजदर ६० वर्षं पूर्ण झाल्यावर लागत असेल तर ४५ आणि ७५ वयाचे सभासद तपासून फारसं काही हाती लागत नाही. साठी पूर्ण होण्याच्या आदला दिवस, तो दिवस आणि दुसरा दिवस, हे तीन तपासायचे. चुका सीमेवर राहतात. २९ फेब्रुवारीला जन्मलेला एक सभासदही मी हटकून घेते.

नाव शोधण्यात अशी सीमा नव्हती, म्हणून मी तक्ता मांडला. कीबोर्ड तीन प्रकारचे, नाव शोधायचे स्क्रीन चार, ब्राउझर तीन, आणि वापरणारा क्लार्क किंवा मॅनेजर. सगळ्या शक्यता मिळून ७२ होतात. पण बहुतेक चुका एखाद्या गोष्टीमुळे किंवा फार तर दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे होतात. म्हणून प्रत्येक दोन रकान्यांतल्या सगळ्या जोड्या किमान एकदा येतील एवढ्याच ओळी निवडायच्या. तशा नीट रचल्या तर ७२ च्या जागी १२ पुरतात. मी १२ चाचण्या केल्या. प्रत्येक वेळी नाव नोंदवलं, मग शोधलं. बाराही पास झाल्या.

हिरव्या खुणांनी भरलेला तो तक्ता बघून मला समाधान वाटायला हवं होतं, पण डोळ्यांपुढून आजींची पावती जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली आणि कऱ्हाड गाठलं.

१९८६ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर इथे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा दिला होता, आणि बनवणाऱ्या कंपनीला चूक सापडत नव्हती. शेवटी त्या रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर दोघं एकत्र बसले आणि तिने त्या दिवशी काय काय टाइप केलं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सरावाच्या हाताने आठ सेकंदांच्या आत नोंद दुरुस्त केली तरच ती चूक उमटत होती. सावकाश टाइप करणाऱ्याला ती कधीच दिसली नसती. हे प्रकरण मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचलं. तेव्हापासून माझी एक सवय आहे: ज्याला चूक दिसते त्याच्या शेजारी बसायचं आणि त्याची बोटं बघायची.

शाखेत दोन काँप्युटर होते. काउंटरवर ताई, आत मॅनेजरसाहेब. ताईंनी माझ्यासमोर 'कऱ्हाडे' टाइप केलं. काही नाही. "परत टाकू का?" म्हणाल्या, परत टाकलं. काही नाही. मी आत गेले, साहेबांना तेच नाव शोधायला सांगितलं. यादीत पहिल्याच ओळीत आजी.

दोन्ही पडद्यांवर अक्षरं तीच होती, मग मी बोटांकडे बघितलं. साहेब इनस्क्रिप्ट या प्रमाण मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून J ची कळ दाबत होते, म्हणजे थेट ऱ, आणि मग हलन्त. ताईंचा कीबोर्ड जुना, उच्चारावरून टाइप करायचा. त्यांच्या कळांचा क्रमच वेगळा होता. आजींचं खातं साहेबांच्या मशिनवर उघडलेलं होतं.

तिथे, त्या स्टुलावर बसल्या बसल्या, माझ्या तक्त्यात काय चुकलं ते मला दिसलं. कीबोर्डचा रकाना मी एकच धरला होता. प्रत्यक्षात कीबोर्ड दोन असतात: नाव नोंदवताना एक, शोधताना दुसरा. मी आणि माझ्याआधी ऑफिसातल्या तिघांनी स्वतःच नाव टाकलं, स्वतःच शोधलं, एकाच कीबोर्डवर. असं शंभर वेळा केलं असतं तरी चूक हाती आली नसती. जोड्यांची पद्धत चोख आहे, पण ती रकान्यांच्या पलीकडे बघू शकत नाही. रकाने पाडायचे ते माणसानेच. मी हे वहीत लिहून ठेवलं आणि तारीख घातली.

दोन्ही नावं कॉपी करून मी एकेक चिन्ह सुटं करून बघितलं. हे जवळून दाखवण्यासारखं आहे. साहेबांच्या 'कऱ्हाडे'मध्ये सात चिन्हं: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा. ताईंच्या नावात आठ: क, साधा र, हलन्त, त्यानंतर एक न दिसणारा जोडक, मग ह, काना, ड, मात्रा. तो अदृश्य जोडक र ला सांगतो की रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढू नकोस, अर्ध्या चंद्रासारखा आडवा राहा. ही युनिकोडच्या, म्हणजे काँप्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, २.० आवृत्तीच्या काळातली पद्धत, आणि जुन्या मजकुरासाठी ती आजही चालू ठेवलेली आहे. दोन्ही रीती वैध, दिसायला सारख्या. पण साठवायला लागणारी जागा बाइटमध्ये मोजली तर पहिलं नाव २१ बाइटचं आणि दुसरं २४ बाइटचं. डेटाबेसमध्ये आणखी खोल गेल्यावर तिसरा प्रकारही सापडला: साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. जुन्या फॉन्टमधला डेटा युनिकोडमध्ये आणताना ती नावं तशी आली होती. एका आडनावाची तीन रूपं, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी तीन वेगळी माणसं. तालुकावार यादी काढली तर 'कऱ्हाड' हे गावही तीनदा येत होतं.

आता प्रश्न होता की डिसेंबरपर्यंत सगळं चालत होतं ते कसं? कीबोर्ड तर वर्षानुवर्षं हेच होते. ऑक्टोबरची आवृत्ती टाकून बघितली, ताईंच्या पद्धतीने शोधलं, नाव सापडलं. म्हणजे मधल्या काळात कुणाचा तरी बदल नडला होता, आणि ते बदल नऊशेच्या वर होते. इथे अंदाज बांधत बसायचं नसतं. मधला बदल घ्यायचा, चाचणी करायची. पास झाली तर चूक पुढच्या अर्ध्यात, नापास झाली तर मागच्या अर्ध्यात. दर वेळी निम्मं क्षेत्र कटतं, म्हणून १०२४ बदल असले तरी दहा पायऱ्यांत निकाल लागतो. कोडमधले सगळे बदल जपून ठेवणाऱ्या गिटमध्ये यासाठी बायसेक्ट ही आज्ञा आहे. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: एका रूपात नाव नोंदव, दुसऱ्या रूपात शोध, सापडलं तर ० परत दे, नाही तर १. जी आवृत्ती बिल्डच होत नाही, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅमच तयार होत नाही, तिच्यासाठी १२५, म्हणजे ती सोडून पुढे जा. अशा दोन निघाल्या. जेवून येईपर्यंत उत्तर पडद्यावर होतं.

बदल एका ओळीचा होता. शोध जलद व्हावा म्हणून नावाच्या रकान्यातली तुलना भाषेच्या नियमांऐवजी थेट बाइटला बाइट अशी केली होती. भाषेच्या नियमांची ती सैल तुलना न दिसणारा जोडक सोडून द्यायची, नुक्त्याकडेही दुर्लक्ष करायची. त्यामुळे तिन्ही रूपं आपोआप जुळत होती, आणि ती जुळतात हे आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं. ज्याने तो बदल केला त्याला मी दोष देत नाही. त्याच्या बदलावर असलेल्या सगळ्या चाचण्या पास होत्या. त्या मीच लिहिल्या होत्या.

दुरुस्तीला मात्र दोन फेऱ्या लागल्या, आणि दुसरी फेरी मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या फेरीत आमच्या डेव्हलपरने सगळे अदृश्य जोडक सरसकट काढून टाकले. ऐकायला योग्य वाटतं. पण मी जुळायला हवीत अशा नावांबरोबर जुळता कामा नयेत अशा शब्दांचीही यादी केली होती. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना. जोडक काढला की ताईंच्या कीबोर्डवरच्या दऱ्यांचा दर्या झाला. जुनी सैल तुलनाही या दोघांना एकच समजत असणार, आणि नुसत्या शोधापुरतं ते खपून गेलं असतं. पण अशी जुळणारी नावं बघूनच आम्ही दुबार खाती ओळखणार होतो. तिथे दोन वेगळी माणसं एक ठरली असती तर आधीच्यापेक्षा वाईट.

दुसऱ्या फेरीत नियम नीट लिहिला: साधा र, हलन्त आणि जोडक हे तिन्ही लागोपाठ आले तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त धरायचे, नुक्त्याचा र आला तर ऱ. असं एकरूप केलेलं नाव शोधासाठी वेगळ्या रकान्यात ठेवायचं. सभासदाने लिहून दिलेल्या मूळ नावाला हात लावायचा नाही, कारण ते करारावर आहे, पावतीवर आहे. त्याच ओघात 'ॲ' सुद्धा तपासला. तो एका चिन्हाचाही असतो आणि अ वर चंद्र देऊनही होतो. 'ॲड.' लावणारे वकील सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे होते.

दुबार असावीत अशी ३७ खाती निघाली. ती आम्ही सॉफ्टवेअरकडून जोडून घेतली नाहीत. यादी छापून दिली. ताई आणि साहेबांनी तीन संध्याकाळ बसून सह्यांची कार्डं आणि जन्मतारखा ताडून पाहिल्या. त्यातली पाच खरोखरच वेगळ्या माणसांची होती, एका घरातल्या सासू-सुना, नाव आणि आडनाव दोन्ही सारखं. बाकीची जोडली गेली. आजींची ठेव आणि त्यांच्या नावावर नंतर उघडलेलं बचत खातं २६ मार्चला एका क्रमांकावर आलं.

माझ्या तक्त्यात आता 'नोंदवतानाचा कीबोर्ड' आणि 'शोधतानाचा कीबोर्ड' असे दोन रकाने आहेत. दोघांच्या नऊही जोड्या प्रत्येक आवृत्तीबरोबर आपोआप तपासल्या जातात. गेल्या आठवड्यात ताईंचा फोन आला की शाखेत रुजू झालेला नवा मुलगा टाइप करतच नाही, मोबाइलवर बोलून नाव घालतो. मी त्याला त्याच्या फोनवर 'कऱ्हाडे', 'कुऱ्हाडे' आणि 'वऱ्हाडपांडे' बोलून मला पाठवायला सांगितलं आहे. ती तीन नावं आली की दोन्ही रकान्यांत चौथा प्रकार घालते.